टोपी ठेवायला दिली होती

बाई पहाटे चारला उठायच्या. पाणी भरून, आईचं सगळं हाताशी ठेवून, डबा घेऊन पाचला लाँड्रीच्या दारात. माझा दिवस त्याआधी सुरू व्हायचा, कारण बॉयलर मी पेटवायचो. वाफ धरायला वेळ लागतो, आणि वाफ नसेल तर अख्खी लाँड्री हात बांधून उभी राहते. मी राख ओढून, कोळसा टाकून, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघून बाहेरच्या पायरीवर टेकलो की गल्लीच्या तोंडाशी बाईंच्या चपला वाजायच्या. त्या उशिरा कधी आल्या नाहीत. लवकरही आल्या नाहीत. लवकर आलं की मालकाला त्याची सवय लागते, असं त्यांचं म्हणणं.

लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी यायच्या, हॉटेलांचे टेबलक्लॉथ यायचे आणि गणवेश यायचे. चादरींना रोलर होता. दोघांनी अलीकडून ओली चादर घालायची, दोघांनी पलीकडून ओढून घडी करायची. त्याला दंड लागतात, बाकी काही नाही. गणवेशांना हाताची इस्त्री. ती खिडकीजवळच्या टेबलांवर चालायची आणि त्यातलं पहिलं टेबल बाईंचं होतं.

त्यांना पाठीमागे सगळे कडकबाई म्हणायचे. अर्धं खळीमुळे, अर्धं स्वभावामुळे. कुणाच्या शर्टाची कॉलर नीट बसली नसेल तर त्या बोलायच्या नाहीत. तो सगळा शर्ट पुन्हा बादलीत बुडवून त्याच्या हातात द्यायच्या. नुसती कॉलर भिजवून भागत नाही. निम्मं ओलं, निम्मं कोरडं असं कापड इस्त्रीखाली गेलं की मधे रेघ उमटते, आणि ती रेघ मग कुणाच्या बापाला निघत नाही. मला त्या बंबवाले म्हणायच्या.

"बंबवाले, आज वाफ सोडताय की उसासे?"

मी म्हणायचो, "बाई, कोळसा ओला आहे."

"कोळसा ओला, तुम्ही कोरडे. उलटं पाहिजे."

मला त्यांचा राग कधी आला नाही. ज्या दिवशी वाफ चांगली असायची त्या दिवशी त्या जाताना बॉयलरच्या लोखंडी दारावर दोन बोटं वाजवून जायच्या. तेवढं पुरायचं.

वडील गेले तेव्हा बाई शाळेत होत्या. शाळा सोडून त्या लाँड्रीत लागल्या. धाकटा भाऊ मात्र शाळेत राहिला, तो बाईंच्या इस्त्रीवर. तो शाळा सुटली की लाँड्रीतच यायचा, कारण तिथे ऊब असायची आणि घरी दिवा लवकर लावत नसत. गाठोड्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचा आणि तिथेच झोपायचा. तो ढीग बहुतेक नौदलाच्या गणवेशांचा असायचा. पुढे तो नौदलात गेला तेव्हा आईने बाईंना धारेवर धरलं.

"तूच त्याला त्या गाठोड्यांवर झोपवायचीस."

"मग काय टेबलक्लॉथांवर झोपवायला हवं होतं? वेटर झाला असता."

"झाला असता तर बरं होतं. रोज घरी आला असता."

तो नुसता नौदलात गेला नाही, तिथे वैमानिक झाला. जहाजावरून विमान उडवायचं आणि परत त्याच जहाजावर उतरवायचं. बाईंनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. त्यांचाही पुरता बसलेला नव्हता. "खालचा रस्ता हलत असतो म्हणे," त्या म्हणाल्या. "इथे माझं टेबल हललं तर मी सुताराला शिव्या घालते."

रजेवर आला की तो गणवेशातच लाँड्रीत यायचा. उंच नव्हता. कान मोठे होते, आणि टोपी त्या कानांवर टेकलेली असायची. आम्ही चेष्टा करायचो की कान आहेत म्हणून टोपी राहिली आहे, नाहीतर नाकापर्यंत उतरली असती. तो हसायचा. बाईंच्या टेबलाशी उभा राहून स्वतःच्या बाह्या पुढे करायचा आणि म्हणायचा, "ताई, बघ. जहाजावरच्या धोब्याने काय केलंय." बाई बाहीची कड बोटांत धरून बघायच्या आणि त्या धोब्याचा उद्धार करायच्या. ऐकायला म्हणूनच तो यायचा.

मग युद्ध सुरू झालं. त्या काळात तो एकदाच घरी आला, आणि ती रजाही मधेच मोडली. दुपारी निरोप आला, सकाळची गाडी. त्याच्याकडे दोन टोप्या होत्या. एक नवी, एक जुनी. जुनीचं पांढरं कव्हर मळलेलं होतं. या टोपीचं कव्हर वेगळं निघतं, खालचा सांगाडा आणि काळी लोकरीची पट्टी तशीच राहते.

"ताई, ही धुऊन ठेव. पुढच्या खेपेला नेतो."

"पुढच्या खेपेला कशाला? उद्या देते."

"उद्या मी नसेन."

यात काही भाकीत नव्हतं. सकाळची गाडी होती, एवढाच अर्थ. विमानात टोपी चालत नाही, तिथे डोक्याला चामड्याचं घट्ट शिरस्त्राण असतं. टोपी जमिनीवर लागते. म्हणून ती जमिनीवर राहिली.

बाईंनी ते कव्हर लाँड्रीत आणलं, आणि ते काम मी जवळून बघितलं, कारण त्यांना मोकळी वाफ हवी होती. टोपीचं कव्हर इस्त्री करायला वाईट. सपाट जागाच नाही. टेबलावर ठेवलं की एका बाजूची सुरकुती दुसरीकडे जाते. बाईंनी घरून पातेलं आणलं होतं. ते उपडं घालून त्यावर कव्हर चढवलं आणि मग काढलं.

"का हो?"

"पातेलं गोल आहे, बंबवाले. माणसाचं डोकं लांबट असतं."

मग कव्हर पुन्हा चढवून आत पुढून आणि मागून टॉवेलच्या वळकट्या कोंबल्या. हाताने चाचपून पुन्हा काढल्या, पुन्हा कोंबल्या. एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "कानाजवळ जरा जास्त." भावाचं डोकं त्यांच्या हाताला पाठ होतं. त्याआधी धुताना घामाची पिवळी कड होती, तेलाचा डाग होता, पुढे जिथे तो टोपी धरून उतरवायचा तिथे बोटांची काळी खूण होती. तेल आधी कोरड्या साबणाने, घाम नंतर, बोटांची खूण सगळ्यात शेवटी. नीळ थेंबभर. खळ पातळ, पण दोनदा. इस्त्री झाली तेव्हा ते कव्हर इतकं पांढरं होतं की टेबलावर दुसरं काही दिसत नव्हतं. आमच्या कामात काम चांगलं झालं की ज्याचा कपडा त्याचा मागमूस राहत नाही. तशीच शिकवण असते.

टोपी घरी खुंटीवर लागली. तयार.

तो बेपत्ता झाल्याचं कळलं तेव्हा बाई टेबलावर होत्या. सरकारी माणूस घरी गेला होता, शेजारीण धावत लाँड्रीत आली. बाईंनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली, आडवी टाकली नाही, आणि गेल्या. गेलेलं विमान परत जहाजावर आलं नाही. समुद्रात शोध घेतला, काही सापडलं नाही. इतकंच त्यांना सांगण्यात आलं.

आईने त्या शब्दाचा स्वतःपुरता अर्थ लावला. "बेपत्ता म्हणजे पत्ता माहीत नाही. पत्ता नाही म्हणजे माणूस नाही असं होत नाही." शेजारी समजूत घालायला आले की ती हेच सांगायची. पहिल्या दिवशी तिने खुंटीवरची टोपी काढून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग बाईंकडे बघितलं.

"फार चांगली धुतलीस," म्हणाली.

बाईंनी मला हे खूप नंतर सांगितलं, डबा खाताना, भाजी कशी झाली हे सांगावं तशा आवाजात.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. बाईंना लग्नाबद्दल विचारणारे होते, पण त्या म्हणायच्या, आईला आणि टोपीला सोडून कुठे जाऊ. लोकांना ती थट्टा वाटायची. आई दाराची कडी आतून लावू द्यायची नाही. टोपी खुंटीवरून काढू द्यायची नाही. फक्त बाईंनी रोज कोरड्या फडक्याने झटकायची आणि परत तशीच लावायची, पुढची बाजू दाराकडे.

आई गेली. तिच्यानंतरच्या पावसाळ्यात काळ्या पट्टीला कसर लागली. बाईंनी डांबराच्या गोळ्या ठेवल्या, ऊन दाखवलं, कागदात गुंडाळली. लोकरीला एकदा कसर लागली की ती घरातून जात नाही. त्यांची एक चांगली शाल आधीच तशी चाळण होऊन गेली होती. त्या आठवड्यात बाईंचं कामात लक्ष नव्हतं. एका पँटला दोन घड्या पडल्या.

शहरातल्या संग्रहालयाचे पडदे आणि कपाटांवरची आच्छादनं आमच्याकडे धुवायला यायची. ती घेऊन येणारा शिपाई बोलका होता. तो म्हणाला, आमच्याकडे जुने लोकरी कोट काचेत आहेत, माझ्या आजोबांपेक्षा म्हातारे, आणि एक भोक नाही. बाईंनी त्याला दोनदा विचारलं, काच चारही बाजूंनी बंद असते का. मग मला म्हणाल्या, "बंबवाले, रविवारी मोकळे आहात का? माझ्याबरोबर या. टोपी ठेवायला द्यायची आहे."

मी गेलो. टोपी त्यांनी बांबूच्या टोपलीत, मऊ कापडात ठेवून मांडीवर धरली होती. संग्रहालयाच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता. त्याने टोपी बघितली, सगळं विचारलं, आत जाऊन कुणाला तरी दाखवून आला आणि खूश होऊन बसला.

"मग भेट म्हणून लिहू ना?"

"लिहा की," बाई म्हणाल्या. "भेट तर पाहिजेच."

"छान. नाव कसं घालू?"

"नाव घालायचं नाही. पाटीवर नाव घातलं की माणूस गेला असं होतं. बहीण म्हणून लिहा."

"तुमची मर्जी. इथे सही करा."

बाईंनी सही केली आणि विचारलं, "दर रविवारी आले तर चालेल ना?"

कारकून हसला. "रोज या. तिकीट तेवढं काढा."

"काढीन. फुकट कुठे मागते?"

मी शेजारीच उभा होतो. मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिकीट काढून भेट, असा सौदा मला रास्त वाटला.

टोपी काचेत लागल्यावर आम्ही बघायला गेलो. छोटं उभं कपाट, आत लाकडी डोकं, त्यावर टोपी. बाईंनी आधी काचेच्या कडा बघितल्या. मग लाकडी डोकं बघून म्हणाल्या, "कान नाहीत याला." मग पाटी वाचली. "नौदल वैमानिकाची टोपी, युद्धकाळ. भेट : वैमानिकाची बहीण."

त्या दोन पावलं मागे सरल्या, पुन्हा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पगाराच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"बघा बंबवाले. भेटायला कोण येतं ते लिहून ठेवलंय."

त्यानंतर बाईंचा एक रविवार चुकला नाही. पाय मुरगळला तेव्हा रिक्षा करून गेल्या, जी त्या एरवी आजारपणातही करत नसत. त्या दालनात खुर्चीवर एक पहारेकरी बसायचा, जाडजूड, मिशीला कलप लावणारा. बाई आल्या की तो उठून उभा राहायचा.

"आल्या का भेटीला? आहेत, साहेब घरीच आहेत."

"काय म्हणतात?"

"आठवडाभर गप्प. तुमचीच वाट बघत होते."

बाई काचेसमोर उभ्या राहायच्या. बसायच्या नाहीत, आयुष्यभर उभ्याने काम केलेल्या बाईला बसून काही करता येत नाही. लाँड्रीत कुणाचं काय झालं, वाफ कशी होती, कुणाचं लग्न ठरलं, सगळं हळू आवाजात सांगायच्या. मी कधी बरोबर असलो तर बाजूच्या कपाटांकडे बघत राहायचो. शेजारच्या कपाटात एक पितळी दुर्बीण होती. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, "भेट : कप्तानांचे कुटुंबीय." बाईंना त्या कुटुंबाचा फार राग होता.

"इतक्या वर्षांत एकदा कुणी दिसलं नाही. मोठं कुटुंब म्हणे. लाज वाटायला पाहिजे."

पहारेकरी म्हणायचा, "मोठ्या घरची माणसं, बाई. वेळ कुठे?"

"मग पाटीवर लिहून कशाला घ्यायचं?"

आम्ही तिघेही त्या कुटुंबाला नावं ठेवायचो. पहारेकऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

लाँड्रीत यंत्रं आली, हाताची टेबलं कमी झाली. बाई निवृत्त झाल्या, त्यामागोमाग मी. त्यांच्या हाती फंडाची रक्कम आली आणि जन्मभराची बचत होतीच. त्यांचं ठरलं होतं, चुलत भावाच्या चाळीत मागच्या अंगाला दोन खोल्या घ्यायच्या. मोरी आत, नळ आत. त्या खोल्यांचं त्या वर्षानुवर्षं बोलायच्या. भिंतींना रंग कुठला, हेसुद्धा ठरलेलं होतं. चुलत भावाच्या बायकोने पडद्यांचं कापडही बघून ठेवलं होतं.

तेवढ्यात एका रविवारी दालनाच्या दारावर कागद लावलेला दिसला. नौदलाच्या सगळ्या वस्तू बंदराच्या गावी नव्या संग्रहालयात जाणार. ते गाव आगगाडीने एका दिवसाच्या वाटेवर. पहारेकरी उठला नाही, खुर्चीत बसून म्हणाला, "बाई, साहेबांची बदली झाली."

बाईंनी मला बरोबर घेतलं आणि सरळ ऑफिसात गेल्या. संग्रहालयाचे प्रमुख मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी बसलो.

"माझी टोपी घेऊन जायला आले," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं सांभाळलीत, उपकार झाले."

त्यांनी कागद काढून बघितला. "बाई, ही भेट आहे."

"हो ना. दर रविवारी येते मी. पहारेकऱ्याला विचारा."

"तसं नव्हे. भेट म्हणजे तुम्ही ती आम्हाला दिलीत."

"दिली कुठे? ठेवायला दिली."

प्रमुख थांबले. माझ्याकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे. त्यांना हळूहळू कळत गेलं, आणि त्याच वेळी मलाही. ते हसले नाहीत हे मी त्यांच्या बाजूने सांगेन.

"भेट म्हणून लिहू का, असं तुम्हाला विचारलं असेल," ते म्हणाले.

"विचारलं. मी म्हटलं, भेट पाहिजेच." बाईंचा आवाज जरा खाली आला. "म्हणजे ते कप्तानांच्या घरचे..."

"त्यांनी दुर्बीण देऊन टाकली, बाई. ते कशाला येतील?"

"आणि मी त्यांना इतकी वर्षं शिव्या घालतेय."

मग बाईंनी विचारलं, "मग टोपी कुणाची?"

"सगळ्यांची. लोकांची."

"धुतली होती का लोकांनी?"

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुम्ही अर्ज करा. समजुतीचा घोटाळा झाला असं मी स्वतः लिहून देतो. मला वाटतं, परत मिळेल. फक्त सामान हलायच्या आत सांगा. पण मला एक सांगा, घरी ठेवणार कुठे?"

बाईंनी टोपी एकदा हातात मागितली.

कपाट उघडलं. त्यांना पांढरे सुती हातमोजे दिले. बाईंनी ते उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, "नीळ जास्त झालीय." मग घातले. मला वाटलं होतं त्या मोजे नको म्हणतील. इस्त्रीवाल्याला उघड्या तळहाताशिवाय काही कळत नाही. पण हाताच्या घामाने पांढरं पिवळं होतं हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी टोपी दोन्ही बाजूंनी, पट्टीच्या खालून उचलली.

कव्हर पिवळं पडलं होतं, साईसारखं. त्यांनी वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा असणार, मला उभ्या जागी येत होता. मग टोपी उलटी केली. आत डोक्याभोवती चामड्याची पट्टी असते. ती कपाळाच्या जागी काळपट, गुळगुळीत झाली होती. बाई तिथे बघत राहिल्या.

"हे मी धुतलं नव्हतं," म्हणाल्या. "चामडं धुवत नाहीत."

त्यांनी मोज्यातलं बोट त्या काळ्या जागेवर ठेवलं. फिरवलं नाही, नुसतं ठेवलं. माझ्या मनात आलं की आईला हे दाखवायला हवं होतं. बाईंच्याही मनात तेच असावं, कारण त्या एकदम म्हणाल्या, "आईने बाहेरूनच वास घेतला."

थोड्या वेळाने त्यांनी प्रमुखांना विचारलं, "कव्हर तेवढं धुऊन देऊ? पिवळं झालंय. दोन दिवसांत आणून देते."

"नको, बाई. तुम्ही त्या दिवशी धुतलंत, तेच राहू द्या."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि टोपी परत लाकडी डोक्यावर ठेवली. ठेवताना कानाच्या जागी जरा दाबली. काळी पट्टी त्यांनी सगळीकडून फिरून बघितली. कसरीची भोकं होती तेवढीच होती, एकही वाढलं नव्हतं.

त्यांच्या खोलीत ती खुंटी होती, आणि तिच्या खालच्या पेटीत लोकरीचं जे काही होतं ते दर वर्षी चाळण होत होतं. टोपी परत आणली तर ती त्यांची होणार होती आणि संपणार होती. नाही आणली तर टिकणार होती, एका दिवसाच्या वाटेवर. त्यांचे गुडघे बघता महिन्यातून एकदासुद्धा तो प्रवास व्हायचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "एकदा ती जागा बघून येऊ." आम्ही गेलो. बंदराच्या वर, चढावर नवी इमारत होती. आत अजून चुन्याचा वास. बाईंनी तिथल्या माणसाकडून रिकामं कपाट उघडून घेतलं, दार लावून फटीत कागद सरकवून बघितला. सरकला नाही. मग बाहेर येऊन त्या पायऱ्यांशी उभ्या राहिल्या. खाली धक्का दिसत होता, एक बोट लागत होती, माणसं उतरत होती. धक्क्यावरून येणारा रस्ता वळण घेत वर यायचा आणि संग्रहालयाच्या फाटकासमोरून पुढे जायचा. धक्क्यावरून गावात शिरायला दुसरा रस्ता नव्हता.

"इथे बरी राहील," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "समुद्राकडून आला तर आधी इथेच उतरेल."

त्यांचं वय झालं होतं आणि तो असता तर त्याचंही झालं असतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्यांनी अर्ज केला नाही. चुलत भावाच्या बायकोला कळलं तेव्हा ती माझ्यासमोरच बाईंना म्हणाली, "ताई, म्हातारपणी लोक देवळाजवळ घर घेतात. तुम्ही टोपीमागे निघालात. तिथे तुम्हाला ओळखतं कोण? पडल्या-झडल्यात तर पाणी कोण देईल?"

"नळ असेल ना," बाई म्हणाल्या.

"आणि या दोन खोल्या? मी पडदे बघून ठेवले."

"पडदे तू लाव. तुझी निवड चांगली आहे."

ती रडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण निर्णय बदलला नाही. मी सामान उतरवायला बरोबर गेलो. फार नव्हतंच. इस्त्रीचं टेबल त्यांनी घेतलं नाही, म्हणाल्या, आता मी सुरकुतलेली फिरणार आहे.

तिथे तेवढ्याच पैशात मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळत होत्या. उजेडाच्या, मोरी आतली, नळ आतला, त्यांनी जन्मभर मनात धरल्या होत्या अगदी तशा. दलालाने त्या दोनदा दाखवल्या. बाईंनी भिंतीला हात लावून बघितला, नळ सोडून बघितला आणि नको म्हणाल्या. पहाटे चारला उठून, उभ्याने, वाफेत मिळवलेला सगळा पैसा त्यांनी पुढच्या रस्त्यावरच्या एका खोलीत घातला. मोरी बाहेर, नळ चौघांत मिळून. पण दार रस्त्यावर उघडतं, आणि धक्क्यावर उतरलेल्या माणसाला वर यायचं तर त्या दारावरून जावंच लागतं.